इन्स्टावर थाळी अर्धी, चप्पल एकच : प्रोफाइलची ठेवण बदलली की काय तपासायचं

“पेज हॅक झालंय का बघा जरा. सगळे फोटो कापलेत.” कोल्हापुरातलं महाद्वार रोडवरचं चपलांचं दुकान असो, राजारामपुरीतली केकवाली असो, नाहीतर एखाद्या तालमीचं पेज असो, तक्रार याच शब्दांत येते. जानेवारी २०२५ मध्ये इन्स्टाग्रामने प्रोफाइलवरचे चौरस खाने काढून उभे खाने आणले, तेव्हापासून ती थांबलेली नाही. कारण साधं आहे. स्वतःचं प्रोफाइल आपण फारसं उघडत नाही. स्टोरी टाकतो, मेसेजला उत्तरं देतो, दुसऱ्याची रील बघतो आणि फोन खिशात. मग नवरात्राच्या तोंडावर एखादा पाहुणा विचारतो, “तुमच्या थाळीत पांढरा रस्साच दिसत नाही की हो,” आणि धावपळ सुरू होते.

पेज हॅक झालेलं नसतं. फोटोही बहुतेक वेळा कापलेला नसतो. खिडकीचा आकार बदललाय, मागचं चित्र जसंच्या तसं आहे. एवढं पटलं की निम्मं काम झालं, कारण या घोळात खरं नुकसान होतं ते घाबरून केलेल्या डिलीटमुळे.

आधी एक टॅप

कापलेल्या दिसणाऱ्या फोटोवर टॅप करा. पोस्ट उघडल्यावर फोटो पूर्ण दिसला तर गडबड फक्त ग्रीडवरच्या, म्हणजे प्रोफाइलवरच्या खान्यांच्या जाळीतल्या, झलकेची आहे, ती दुरुस्त होते. पोस्ट उघडूनही कापलेलाच दिसला तर तो अपलोड करतानाच कापला गेला होता आणि आज फक्त तुमच्या लक्षात आलाय. टाकलेल्या पोस्टमधला फोटो इन्स्टाग्राम बदलू देत नाही. मजकूर, ठिकाण, टॅग एवढंच हाताशी असतं. तिथे गॅलरीतून मूळ फोटो शोधून नवी पोस्ट टाकायची, दुसरा उपाय नाही.

दुसरी नेहमीची शंका : “माझ्या फोनवर एक दिसतंय, पोराच्या फोनवर दुसरंच.” असे बदल कंपनी सगळ्यांना एका दिवशी देत नाही, सर्व्हरवरून टप्प्याटप्प्याने सोडते. त्यामुळे एकाच घरातल्या दोन फोनवर, इतकंच काय एकाच फोनमधल्या दोन अकाउंटवरही काही दिवस निराळी ठेवण दिसू शकते. आधी ॲप अपडेट करा. तरीही खाने अर्धवट किंवा पांढरे दिसत असतील तर अँड्रॉइडवर सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टाग्राम, स्टोरेज या वाटेने जाऊन ‘क्लिअर कॅशे’ करा. शेजारचं ‘क्लिअर डेटा’ दाबू नका. त्याने लॉगिन जातं आणि अर्धवट ठेवलेले ड्राफ्टही जातात. पासवर्ड कुणाला आठवत नसेल तर मग खरोखरच पेज हातचं गेल्यासारखं होतं. आयफोनवर असं बटण नसतं, ॲप काढून परत टाकावं लागतं. ॲप काढलं की ड्राफ्टही पुसले जातात, तेव्हा ते आधी पोस्ट करा किंवा फोनमध्ये उतरवून घ्या.

एवढं करूनही दोन फोनवर फरक राहिला तर गप्प बसा. जुनी ठेवण परत आणायचं बटण कुठल्याही सेटिंगमध्ये लपवलेलं नाही.

किती कापलं जातं, ते मोजूनच घ्या

उभ्या खान्याचं प्रमाण रुंदी तीन, उंची चार. पुष्कळ ठिकाणी चारास पाच लिहिलेलं सापडेल. ते बरीच वर्षं चालत आलेलं उभ्या पोस्टचं माप आहे, खान्याचं नव्हे. या दोन्हींतल्या फरकामुळेच “मी सांगितलेल्या मापात केलं तरी कड कापतेय” ही तक्रार येते.

१०८० बाय १०८० चा चौरस फोटो या खान्यात बसवला की उंची पूर्ण दिसते आणि रुंदीतले मधले ८१० पिक्सेल. म्हणजे डावीकडून १३५ गेले, उजवीकडून १३५ गेले, फोटोचा पाव भाग झाकला. आता मटण थाळी डोळ्यासमोर आणा. मध्यभागी भाकरी आणि सुकं, डाव्या कडेला तांबड्याची वाटी, उजव्या कडेला पांढऱ्याची. झाकलेला पाव भाग म्हणजे नेमक्या या दोन वाट्या. खान्यात उरते ती भाकरी आणि कांद्याची फोड. कोल्हापूरच्या थाळीची दोन्ही रश्शांशिवाय जाहिरात!

चपलेचं तसंच. जोड शेजारी-शेजारी आडवा मांडून चौरसात घेतला असेल तर दोन्ही चपलांचे बाहेरचे कान कापले जातात. एकच चप्पल मध्ये आणि दुसरी कडेला असेल तर गिऱ्हाइकाला वाटतं, एकाच पायाची विकताय.

१०८० बाय १३५० ची उभी पोस्ट असेल तर साधारण १०१२ रुंदी दिसते, दोन्हीकडून ३४-३४ जातात. फोटोला याने काही होत नाही. सोनेरी बॉर्डर मारलेल्या पोस्टचं मात्र होतं. वरची-खालची पट्टी राहते, बाजूच्या गायब, आणि चित्र चुकून छापल्यासारखं दिसतं. मोबाईल नंबर कडेला चिकटवून लिहिला असेल तर पहिला आकडा उडतो. गंमत म्हणजे चौरस खान्यांच्या काळात हीच पोस्ट वरून-खालून १३५-१३५ ने झाकली जायची, तेव्हा कुणी ओरडलं नाही. मजकूर मधल्या चौरसात ठेवायची सवय ज्यांना तेव्हा लागली, त्यांच्या पोस्ट आजही जवळजवळ शाबूत आहेत.

सगळ्यात जास्त मार आडव्या फोटोंना. कॅमेऱ्याचा तीनास दोन आडवा फोटो असेल तर बरोबर अर्धा दिसतो. सगळ्यात रुंद आडवी पोस्ट, १०८० बाय ५६६ ची, हिचे जेमतेम ४२४ पिक्सेल उरतात. शाहू स्टेडियमवर अकरा जणांनी एका ओळीत उभं राहून काढलेल्या फोटोत मधले चार-पाच खेळाडू दिसतात. गोलकीपर ओळीच्या टोकाला उभा असेल तर तो संघात नव्हताच समजा. खासबागेतल्या कुस्तीत एक पैलवान खान्यात, दुसरा बाहेर.

साज, पैठणी, उभी इमारत, एकटा माणूस यांचं काही बिघडलेलं नाही. उलट गुजरीतल्या दागिन्यांच्या पेजना नवा खाना मानवलाय.

जुन्या पोस्ट सरकवा, पुसू नका

झलक सरकवायची सोय इन्स्टाग्रामने दिलेली आहे आणि ती फारशा कुणाला माहीत नाही.

१. प्रोफाइलवर जाऊन ती पोस्ट उघडा, वरच्या तीन टिंबांवर टॅप करा.
२. यादीतून ‘ॲडजस्ट प्रिव्ह्यू’ निवडा.
३. फोटो बोटाने डावी-उजवीकडे सरकवा, महत्त्वाची वस्तू चौकटीच्या मध्ये आणा.
४. ‘डन’ करा, प्रोफाइलवर परत या आणि पडदा खाली ओढून रिफ्रेश करा.

यात पोस्टच्या आतला फोटो, लाइक, कमेंट, तारीख कशालाच धक्का लागत नाही. यादीत हा पर्याय दिसत नसेल तर ॲप जुनं आहे का ते बघा. हे काम संगणकावर न करता फोनवरच्या ॲपमधूनच करा.

सरकवण्यालाही मर्यादा आहे. खिडकी तेवढीच राहते, फक्त पुढे-मागे होते. चपलेचा जोड आडवा असेल तर एक पूर्ण चप्पल आणि दुसरीचा अंगठा एवढं साधतं, ते चालून जातं. थाळीत मात्र तांबडा दाखवायचा की पांढरा, असा पेच पडतो, आणि कोल्हापुरात हा निर्णय कुणी कुणासाठी घेऊ नये. अशा पोस्टला दोन वाटा आहेत. पोस्टमध्ये तीन किंवा जास्त फोटो असतील आणि दुसरा फोटो उभा, नीट असेल, तर पोस्ट एडिट करून पहिला फोटो काढून टाका. दुसरा आपोआप पुढे येतो आणि ग्रीडवर तोच दिसतो. आणि एकच फोटो असेल तर पोस्ट ‘अर्काइव्ह’ करा.

अर्काइव्ह आणि डिलीट यांतला फरक इथे नीट समजून घ्या. अर्काइव्ह केलेली पोस्ट लोकांना दिसत नाही, पण लाइक-कमेंटसकट तुमच्याकडे राहते आणि परत आणली की जुन्या तारखेच्या जागेवरच जाऊन बसते. डिलीट केलेली पोस्ट ३० दिवस ‘रिसेंटली डिलीटेड’ मध्ये असते, मग कायमची जाते. गिऱ्हाइकांनी सेव्ह करून ठेवलेली पोस्ट गेली, व्हॉट्सॲपवर फिरलेली लिंक मेली. “सगळं पुसून नव्या मापात परत टाकू” असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. आठशे पोस्ट पुसल्या की आठशे दरवाजे बंद होतात. भावनेच्या भरात परवाच पुसल्या असतील तर ‘युवर ॲक्टिव्हिटी’ मध्ये जाऊन रिसेंटली डिलीटेड उघडा, तीस दिवसांच्या आत परत मिळतात.

आणि आठशे पोस्ट सरकवत बसायचीही गरज नाही. प्रोफाइल उघडल्यावर पडद्यावर मावतात त्या नऊ-बारा पोस्ट आणि पिन केलेल्या, म्हणजे सगळ्यात वर टाचून ठेवलेल्या तीन, एवढ्या ठीक करा. अर्ध्या तासाचं काम आहे. त्याखाली अंगठा घासत जाणारा माणूस आधीच तुमचा झालेला असतो.

रीलचं कव्हर

रील १०८० बाय १९२० ची असते. ग्रीडवर तिचा वरचा २४० आणि खालचा २४० पिक्सेलचा पट्टा झाकला जातो, म्हणून वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं ‘मिसळ’ अर्धं कापलं जाऊन नुसत्या अक्षरांच्या तंगड्या दिसतात. रीलच्या वेगळ्या टॅबमध्ये मात्र तेच कव्हर पूर्ण उंचीचं दिसतं. एकच कव्हर दोन्हीकडे चालवायचं असल्याने शीर्षक उभ्याच्या मधोमध हवं, आणि खालचा डावा कोपरा मोकळा, कारण तिथे व्ह्यूचा आकडा येऊन बसतो.

टाकून झालेल्या रीलचं कव्हर बदलता येतं, फोटोच्या पोस्टसारखी अडचण इथे नाही. रील उघडा, तीन टिंबं, ‘एडिट’, मग ‘कव्हर’. तिथे व्हिडिओतली दुसरी चौकट निवडता येते किंवा गॅलरीतून तयार चित्र घेता येतं. ग्रीडवर कोणता भाग दिसावा हेही तिथेच सरकवून ठरतं. रील सुरू होताना कॅमेरा हललेला असतो आणि तीच धुरकट चौकट कव्हर म्हणून राहून जाते, हे दर दुसऱ्या पेजवर दिसतं. रश्श्याची उकळी फुटते ती चौकट निवडा, कढई अजून रिकामी असतानाची नको.

तीन खान्यांचा बॅनर का फाटला

एक मोठं चित्र तीन तुकड्यांत टाकून ग्रीडवर सलग पट्टी करायची फॅशन होती. लग्नाचे हॉल आणि कपड्यांची दुकानं यात पुढे. चौरसात केलेल्या त्या पट्ट्या आता फाटल्यासारख्या दिसतात, कारण प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही कडा झाकल्या आणि दोन तुकड्यांच्या सांध्यावर २७० पिक्सेलचं चित्र गायब झालं. सरकवून हे जुळत नाही, प्रयत्न करू नका. तिन्ही तुकडे अर्काइव्ह करा.

नव्याने करायचंच असेल तर ३२४० बाय १४४० चं चित्र घ्या आणि १०८० बाय १४४० चे तीन तुकडे करा. तीनास चार या प्रमाणातले फोटो इन्स्टाग्राम मे २०२५ पासून स्वीकारतं, त्यामुळे कापाकापी होतच नाही. टाकताना उजवा तुकडा आधी, मग मधला, शेवटी डावा. पुढच्या पोस्टही तीन-तीनच्या पटीत टाकाव्या लागतात, एखादी सुटी टाकली की पट्टी एक घर सरकून दोन ओळींत मोडते. पिनचंही तसंच : एक किंवा दोन पोस्ट पिन केल्या की खालचं सगळं हलतं, म्हणून पिन तीन किंवा शून्य. रोज ताजा माल टाकणाऱ्या दुकानाने या भानगडीत पडू नये, असं स्पष्ट मत आहे.

यापुढे : मधले ८१० बाय १०८०

ठेवण पुन्हा बदलणार. आधी चौरस होता, आता उभा आहे, उद्या आणखी काही. त्यामुळे आजच्या खान्यापुरतं माप पाठ करण्यापेक्षा सगळ्या खान्यांत टिकेल असा मधला भाग धरून चाला.

कॅनव्हास १०८० बाय १४४० चा घ्या. त्याच्या मध्यात ८१० रुंद, १०८० उंच अशी चौकट आखा, म्हणजे डावी-उजवीकडे १३५ आणि वर-खाली १८० सुटतील. दर, नाव, चेहरा, वस्तू, जे कापलं जाऊन चालणार नाही ते सगळं या चौकटीत. हिशेब असा : हाच फोटो चौरसात गेला तर वर-खाली १८० जातात, रीलसारख्या नवास सोळाच्या उभट खान्यात गेला तर बाजूचे १३५ जातात, चारास पाचमध्ये वर-खाली फक्त ४५ जातात. आतल्या चौकटीला कशातच हात लागत नाही. ‘कॅनव्हा’सारख्या डिझाइनच्या ॲपमध्ये या मापाचा फिकट रंगाचा आयत मध्यभागी ठेवून लॉक करा, त्यावर मजकूर मांडा, डाउनलोडच्या आधी आयत काढा. तोच नमुना ‘साचा’ म्हणून जपून ठेवला की दर वेळी मापं काढावी लागत नाहीत.

नुसता फोटो काढायचा असेल तर याहून सोपं आहे. बहुतेक फोनच्या कॅमेऱ्यात चारास तीन हे मूळ माप असतं. फोन उभा धरला की फोटो आपोआप तीनास चार येतो. कॅमेऱ्यात ‘फुल’ किंवा सोळास नऊ निवडलेलं असेल तर ते बदला. आणि पोस्ट करताना फोटोच्या कोपऱ्यातलं कापणीचं चिन्ह बघून घ्या, तिथे चौरस निवडलेलं राहिलं तर सगळी मेहनत पाण्यात.

मांडणीही उभी हवी. कापशी (कोल्हापुरीचाच एक प्रकार) चपलेचा जोड दाखवताना दोन्ही चपला शेजारी चिकटवून, अंगठे वरच्या बाजूला, बरोबर वरून फोटो घ्या. जोड मुळातच उभट असतो, खान्यात नेमका बसतो, आणि वेणीपासून टाचेपर्यंतचं काम एका नजरेत येतं. पोत दाखवायचा असेल तर दुसरा फोटो जवळून घ्या, पहिला नको. जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर आलेल्या प्राडाच्या सँडलवरून कोल्हापुरीचा विषय जगभर गेला. अशा वेळी शोधत येणारा परगावचा माणूस फीडमधून येत नाही, थेट प्रोफाइल उघडतो. त्याच्यासमोर पहिल्या ओळीत चप्पल पूर्ण दिसली पाहिजे.

थाळी वरून घेताना रस्से कडेला न ठेवता भाकरीच्या वर आणि खाली ठेवा, किंवा दोन्ही वाट्या थाळीबाहेर काढून पुढे मांडा आणि थोडं तिरकं धरून घ्या. आणि संघाचा फोटो? दोन ओळी करा, पुढचे गुडघ्यावर. जुन्या लोकांची पद्धत हीच होती.

पोस्टरवाल्यांशी वेगळं बोलावं लागतं. फ्लेक्सची सवय अशी, की मध्ये उत्सवमूर्ती आणि दोन्ही कडांना वरपासून खालपर्यंत शुभेच्छुकांचे चेहरे. दसरा चौकात ते दिसतं, उभ्या खान्यात दिसत नाही. शुभेच्छुक कापले गेले की फोन पोस्टर करणाऱ्याला येतो. इन्स्टासाठी वेगळं चित्र करा, शुभेच्छुक दुसऱ्या फोटोत घ्या.

बटणं आणि बायो “गेले”

ठेवण बदलली की फोनचं बटण, पत्ता, व्यवसायाचा वर्ग (कॅटेगरी) काहीतरी दिसेनासं झाल्याची तक्रार येते. बहुतेक वेळा माहिती जागेवर असते, दाखवायचा खटका बंद असतो. ‘एडिट प्रोफाइल’ मध्ये खाली व्यवसायाच्या माहितीत ‘प्रोफाइल डिस्प्ले’ आहे. वर्ग आणि संपर्क दाखवायचे दोन वेगळे खटके तिथे मिळतील. तो भागच दिसत नसेल तर अकाउंट कुणीतरी चुकून पर्सनल करून ठेवलंय, परत प्रोफेशनल करा. बायोत, म्हणजे प्रोफाइलवरच्या ओळखीच्या मजकुरात, पाच लिंक देता येतात, पण थेट दिसते ती पहिली, बाकीच्या टॅप केल्यावर. त्यामुळे गुगल मॅपची लिंक पाचवी ठेवून उपयोग नाही.

मराठीत बायो लिहिणाऱ्यांची एक खास अडचण. मर्यादा १५० वर्णांची आहे, पण युनिकोडमध्ये काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे स्वतंत्र वर्ण आहेत. ‘कोल्हापुरी चप्पल’ डोळ्याला सात अक्षरं, युनिकोडच्या हिशेबात मधल्या जागेसकट सोळा. म्हणून इंग्रजीत मावणारा मजकूर मराठीत मध्येच तुटतो. शेजारचा उरलेला आकडा बघत लिहा आणि कामाचं पहिल्या ओळीत टाका, कारण लांब बायो दुमडली जाते. ‘परंपरा, विश्वास आणि गुणवत्तेचं एकमेव ठिकाण’ या वाक्यात तुम्ही गूळ विकता की गाड्या हे कळत नाही. नावाचा रकाना घाईत बदलू नका, चौदा दिवसांत दोनदाच बदलता येतो. तिसऱ्या वेळी चुकीचं स्पेलिंग तसंच राहतं.

फेसबुक पेजवाल्यांसाठी थोडक्यात

“एडिटचं बटणच नाही” असं वाटलं तर तुम्ही स्वतःच्या प्रोफाइलमधून पेज बघताय. नव्या पद्धतीत उजवीकडच्या कोपऱ्यातल्या फोटोवर टॅप करून आधी पेजमध्ये ‘स्विच’ व्हावं लागतं, मगच बटणं येतात. पेजचे लाइक दिसत नाहीत म्हणूनही घाबरू नका, नव्या पेजमध्ये फॉलोअर्सच मोजतात.

कव्हर फोटो संगणकावर ८५१ बाय ३१५ दिसतो आणि फोनवर ६४० बाय ३६०. रुंद पट्टीच्या मापात केलेल्या कव्हरच्या दोन्ही बाजू फोनवर जवळजवळ १४५-१४५ ने जातात. १७०२ बाय ९५८ चं चित्र करा आणि मजकूर मधल्या ६३० उंचीत ठेवा, वर-खाली १६४ ची जागा नुसत्या रंगाला किंवा आकाशाला सोडा. रंकाळ्याचा फोटो असेल तर हे आपोआप साधतं. खालच्या कडेवर प्रोफाइल फोटो चढतो, तिथे नंबर लिहू नका.

“जुना लेआउट परत आणून देतो”

प्रत्येक बदलानंतर असे मेसेज येतात. कुणी एपीके (अँड्रॉइड ॲप बाहेरून टाकायची) फाइल पाठवतं, कुणी ‘मेटा सपोर्ट’ असं नाव लावून लॉगिनची लिंक. जुनी ठेवण कुणालाच आणता येत नाही, त्यामुळे आणून देतो म्हणणारा पासवर्डच न्यायला आलाय. लिंकवर माहिती भरून झाली असेल तर लगेच पासवर्ड बदला. मग अकाउंट्स सेंटरमध्ये ‘पासवर्ड अँड सिक्युरिटी’ उघडून कोणकोणत्या फोनवर लॉगिन आहे ते बघा आणि अनोळखी फोन बाहेर काढा. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन लावा, वेळ घालवू नका.

लॉगिनची ती यादी उघडलीच आहे तर त्यात दोन वर्षांपूर्वी पोस्टर करून देणाऱ्या मुलाचा फोन अजून आहे का तेही बघा, बहुतेक वेळा असतो. दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करताना नंबर मालकाचा द्या, काउंटरवरच्या पोराचा नको, तो नोकरी सोडून गेला की ओटीपीही त्याच्याबरोबर जातो. पडताळणी सुरू झाली की बॅकअप कोड मिळतात. त्यांचा स्क्रीनशॉट त्याच फोनमध्ये ठेवण्यापेक्षा कागदावर लिहून गल्ल्यात ठेवा.